उशाशींच्या याद्या

बरींच वर्षें एका ठिकाणीं काम केलेलीं माणसें पुढें कधीं एकत्र जमलीं, म्हणजे कोणत्या सालीं किती दप्तरें हातावेगळीं झालीं याची आठवण कोणी काढीत नाहीं. आठवण निघते ती मधल्या सुटींतील थट्टामस्करीची, एकमेकांस घातलेल्या कोड्यांची आणि सर्वांनीं मिळून केलेल्या गमतीच्या याद्यांची. उशिरां येणारांच्या सबबी किती प्रकारच्या, दुसऱ्याच्या डब्यावर नजर ठेवणाराचीं लक्षणें कोणतीं, वरिष्ठांच्या खांकरण्यावरून त्यांचा राग कसा ओळखावा, अशी एखादी यादी कोणीतरी आरंभितो. शेजारचा तींत एका कलमाची भर घालतो. तिसरा दोन कलमें खोडून त्यांहून सरस असें एक सुचवितो. पुढें काम संपतें, मंडळी पांगते, कोणी बदलून जातो, कोणी जगांतूनच जातो. आणि तो कागद कोणाजवळच शिल्लक राहत नाहीं.

एक हजार वर्षांपूर्वीं जपानांतील एका स्त्रीनें मात्र असे कागद जपून ठेविले. राजवाड्यांतील सोबतिणींच्या सहवासांत सुचलेल्या, ऐकलेल्या आणि रचलेल्या याद्या तिनें लिहून काढल्या, आणि तें पुस्तक आज जगांतील श्रेष्ठ गद्यग्रंथांत गणलें जातें. त्या स्त्रीला सेई शोनागोन म्हणतात आणि पुस्तकाचें नांव 'माकुरा नो सोशी', म्हणजे उशीची वही, असें आहे. आपली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती इ. स. १२९० मध्यें; ही वही तिच्याहि पूर्वीं जवळजवळ तीनशें वर्षें लिहिली गेली. इतक्या जुन्या वहींतील विनोद आजच्या वाचकालाहि कसा हंसवितो, आणि त्या हंसण्याच्या मागें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

त्या काळीं जपानची राजधानी हेइआन-क्यो, म्हणजे आजचें क्योतो शहर, ही होती. ती इ. स. ७९४ मध्यें वसली. तिच्या नांवावरून ७९४ ते ११८५ या कालखंडास हेइआन काल म्हणतात. गादीवर सम्राट असे, पण कारभार बहुतेक फुजिवारा या एका घराण्याच्या हातीं असे. या घराण्याची सत्ता सोयरिकीच्या जोरावर टिकलेली होती. आपली मुलगी सम्राटास द्यावयाची, तिला मुलगा झाला कीं पुढें तो गादीवर बसवावयाचा, आणि आजोबांनीं नातवाच्या नांवानें राज्य चालवावयाचें, अशी ही पद्धत. त्यामुळें राणीचा महाल हें राजकारणाचें एक मोठें ठाणें असे. राणीच्या भोंवतीं सुशिक्षित, हजरजबाबी, कविता रचणाऱ्या स्त्रिया असाव्या, म्हणजे सम्राटाचें व दरबारी मंडळींचें मन तिकडे ओढलें जाईल, या हेतूनें मुलीचा बाप चांगल्या चांगल्या घरांतून अशा स्त्रिया निवडून सेवेस ठेवीत असे.

इ. स. ९९० मध्यें फुजिवारा नो मिचिताका या प्रमुख सरदारानें आपली कन्या तेइशी ही सम्राट इचिजो यास दिली. राणी चवदा वर्षांची, सम्राट तिच्याहूनहि लहान. सुमारें इ. स. ९९३ मध्यें सेई शोनागोन या राणीच्या सेवेंत आली. दरबारांत स्त्रियांना त्यांच्या खऱ्या नांवानें हांक मारण्याची चाल नव्हती. 'सेई' हें तिच्या कियोहारा या कुलनामांतील पहिल्या अक्षराचें चिनी वळणाचें वाचन, आणि 'शोनागोन' ही दरबारांतील एक पदवी. तिचा बाप कियोहारा नो मोतोसुके हा नामांकित कवि होता, इ. स. ९५१ मध्यें सम्राटाच्या आज्ञेनें जुन्या-नव्या कवितांचा संग्रह करण्यासाठीं जे पांच जण नेमले, त्यांतला तो एक. विद्या या घरांत पुष्कळ होती, पैसा बेताचा होता.

सेवेंत आली तेव्हां सेई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असावी, म्हणजे राणीहून दहा वर्षांनीं तरी मोठी. तरी ती इतकी बुजली कीं दिवसाउजेडीं पुढें येण्याचें धैर्य तिला होईना. रात्रीं यावें, आडोशामागें बसून राहावें आणि उजाडण्यापूर्वीं निघून जावें, असा तिचा क्रम. राणीनें तिला जवळ बोलावून चित्रें दाखवावयास आरंभ केला. कडक थंडीचे दिवस होते. बाहींतून किंचित् बाहेर आलेलीं राणीचीं गुलाबी बोटें पाहून, जगांत अशींहि माणसें असतात, याचें या नव्या सेविकेला नवल वाटलें. कात्सुरागीच्या डोंगरावरील एक देव आपल्या कुरूपतेची लाज वाटून फक्त रात्रीं काम करी, अशी जपानी दंतकथा आहे. राणीनें थट्टेनें त्याच देवाचें नांव तिला ठेविलें. त्या थट्टेनें तिची भीड मोडली, आणि पुढें हीच स्त्री त्या महालांतील सर्वांत बोलकी म्हणून प्रसिद्ध झाली.

या सेविकांचें जिणें कसें होतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्यांच्या याद्या कळावयाच्या नाहींत. लांबलचक सोप्याला चिकाचे पडदे आणि कापडी आडोसे लावून केलेल्या अरुंद खोल्यांत त्या राहत. राणीचीं वस्त्रें, निरोप, आल्यागेल्याशीं बोलणें, पत्रांस आणि कवितांस तत्काळ उत्तर देणें, आणि राणी जागी असेल तोंवर जागणें, हें त्यांचें काम. इतर घरंदाज स्त्रियांपेक्षां त्यांना जग अधिक दिसे, परंतु एकांत मुळींच मिळत नसे. सोप्यावरून गेलेलें पाऊल कोणाचें, दारावर एका बोटानें केलेली टकटक कोणाची, हें त्या अंधारांत ओळखीत. एवढ्या जवळून जगणाऱ्या, कान तिखट असलेल्या आणि वाट पाहण्यांत पुष्कळ वेळ जाणाऱ्या माणसांत एक सामायिक आवडनिवड तयार होते. कोणती गोष्ट गोड, कोणती असह्य, कोणती हास्यास्पद, याविषयीं एका शब्दांत एकमेकांस समजतें. यादीचा खेळ अशाच ठिकाणीं रंगतो.

वहीचा जन्म कसा झाला हें तिनेंच शेवटीं सांगून ठेविलें आहे. राणीचा भाऊ कोरेचिका यानें एकदां बहिणीस कागदाची मोठी चवड नजर केली. त्या काळीं चांगला कागद ही मोलाची वस्तु होती. सम्राटाकडे अशाच कागदावर एका चिनी इतिहासग्रंथाची नक्कल चालली होती. तेव्हां आपण या कागदाचें काय करावें, असें राणीनें विचारलें. सेई म्हणाली कीं, याची उशी करावी. राणी हंसली आणि सारा कागद तिलाच देऊन टाकला. या उत्तरांतील खोंच कोणती, यावर जपानी पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. कोणी म्हणतात, उशाशीं ठेवून मनांत येईल तें टिपण्याची वही असा अर्थ. कोणी म्हणतात, त्या चिनी ग्रंथाच्या नांवाचा उच्चार आणि अंथरुणाविषयींचा एक शब्द यांवर ती कोटी होती. तिसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कवितेंत वारंवार येणाऱ्या स्थळांच्या नांवांची जी टिपणें कवि जवळ बाळगीत, त्यांच्या नांवांतहि 'माकुरा', म्हणजे उशी, हा शब्द येतो. अर्थात् यादी आणि उशी यांची सांगड भाषेंत आधींच पडलेली होती.

वहींत लहानमोठे मिळून सुमारें तीनशें परिच्छेद आहेत. कांहीं दरबारांत घडलेल्या प्रसंगांचीं वर्णनें, कांहीं सुटे विचार, आणि निम्म्याच्या आसपास याद्या. याद्यांच्या दोन जाती सहज ओळखूं येतात. पहिल्या जातींत मथळा म्हणून एक नाम असतें: डोंगर, बाजार, डोह, पक्षी, किडे, झाडें. त्याखालीं नांवांची माळ, आणि मधून मधून एखादा शेरा. पुष्कळदां एखादें ठिकाण पाहिलेलें नसतें. केवळ त्याचें नांव गमतीचें म्हणून तें यादींत येतें. दुसऱ्या जातींत मथळा एखाद्या भावनेचा असतो: चीड आणणाऱ्या गोष्टी, काळीज धडधडविणाऱ्या गोष्टी, दुर्मिळ गोष्टी, लाजविणाऱ्या गोष्टी, गोजिरवाण्या गोष्टी, दूर असून जवळच्या आणि जवळ असून दूरच्या गोष्टी. वहीची कीर्ति मुख्यतः या दुसऱ्या जातीवर आहे. हा प्रकार सर्वस्वी नवा होता असें नव्हे. नवव्या शतकांतील चिनी कवि ली शांगयिन याच्या नांवावरहि विनोदी याद्यांचें एक लहानसें पुस्तक चालतें. परंतु चिनी यादी सुभाषितासारखी तुटक असते. सेईच्या यादींत माणसें हालतात, बोलतात.

अशा यादीची रचना कशी असते, हें एक-दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. दुर्मिळ गोष्टींची यादी घ्या. सासऱ्यानें वाखाणलेला जांवई तिनें प्रथम मांडला आहे आणि त्याच्या शेजारीं सासूची लाडकी सून. वाचक मान डोलवितो, कारण हजार वर्षांत आणि हजारों कोसांत येथें फारसा फरक पडलेला नाहीं. आतां पुढेंहि नातींगोतींच येणार असें वाटतें, तोंच केंस नीट उपटणारा रुप्याचा चिमटा येऊन उभा राहतो. लगेच त्याच्यामागून धन्याची निंदा न करणारा चाकर येतो. चिमट्यानें यादीची घडी विसकटते आणि हंसूं फुटतें. पण क्षणभरानें असेंहि ध्यानांत येतें कीं, कामाला न येणारा चिमटा हा ज्यांना रोज एकमेकींची वेणीफणी करावी लागे, त्या बायकांचाच अनुभव आहे. यादी ही माणसाच्या मोठ्या दुःखाला आणि लहानशा कटकटीला एका ओळींत बसविते. तिचा विनोद त्या शेजारांतून निघतो.

चीड आणणाऱ्या गोष्टींतहि तोच प्रकार. घाईच्या वेळीं येऊन बसणारा आणि उठण्याचें नांव न काढणारा पाहुणा, शाई उगाळतांना सहाणेवर अडकलेला केंस, डोळा लागत असतां कानाशीं गुणगुणणारा डांस, चोरून आलेल्या माणसावर भुंकणारें कुत्रें, हीं सर्व तेथें एका पंक्तीस बसलेलीं आहेत. गोजिरवाण्या गोष्टींत खरबुजावर काढलेला लहान मुलाचा चेहरा आहे, आणि रांगतां रांगतां जमिनीवर सांपडलेली बारीकशी वस्तु चिमुकल्या बोटांत धरून मोठ्यांना दाखविणारें मूल आहे. ज्या घरांत मूल आहे त्या घरांत हें चित्र आजहि दिसतें.

कांहीं वेळां मात्र यादीचें एखादें कलम वाढतां वाढतां त्याची गोष्ट होते. विरस करणाऱ्या गोष्टींत आधीं दिवसा भुंकणारें कुत्रें आहे, थंडीच्या हंगामांत मासे धरण्यासाठीं नदींत लावलेला आणि वसंत आला तरी तसाच राहिलेला बांबूचा तट्टा आहे. मग प्रांताच्या सुभेदारीच्या नेमणुका व्हावयाच्या त्या दिवशींचें एक घर येतें. यंदां या घरच्या यजमानाला जागा मिळणार, अशी बातमी असते. जुने आश्रित गांवोगांवहून जमतात, खातात, पितात, मोठमोठ्यानें बोलतात. रात्र सरते, पहांट होते, पण दारावर निरोप्या येत नाहीं. बातमी आणावयास थंडींत उभे राहिलेले नोकर मान खालीं घालून परत येतात, आणि त्यांना विचारण्याचें धैर्य कोणाला होत नाहीं. सकाळीं दाटलेली मंडळी एक एक करून सटकते. जे जुने म्हणून जाऊं शकत नाहींत, ते पुढल्या वर्षीं कोणकोणते प्रांत मोकळे होतील, याचा हिशोब बोटांवर करीत घरांत फिरतात. सेईचा बाप इ. स. ९८६ मध्यें, ऐंशीच्या घरांत आला असतां, दूरच्या हिगो प्रांताचा सुभेदार झाला आणि ९९० मध्यें वारला. नेमणुकीची वाट पाहणारें घर तिला ऐकून माहीत नव्हतें. गमतीच्या यादींत तिनें तें बसविलें, परंतु तेथें कोणाला हंसूं येत नाहीं.

या याद्या एकटीच्या कीं अनेकींच्या, असा प्रश्न साहजिक उत्पन्न होतो. लिहिणारा हात तिचाच. परंतु अमुक प्रकारच्या वस्तु सांगा, असें कोणी म्हणावें आणि इतरांनीं पाळीपाळीनें भर घालावी, ही त्या काळच्या दरबारांतील करमणूक होती, आणि या वहींत राणीच्या सबंध परिवाराचा आवाज भरलेला आहे, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. तो परिवार खेळांत किती रमे, याचे प्रसंग तिनें पुष्कळ दिले आहेत. त्यांतला बर्फाच्या डोंगराचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. इ. स. ९९८ च्या अखेरीस मोठें बर्फ पडलें, तेव्हां राणीच्या अंगणांत बर्फाचा एक डोंगर रचविला. तो किती दिवस टिकेल, अशी पैज लागली. कोणी दहा दिवस म्हणाल्या, कोणी थोडे अधिक. सेईनें एकदम पुढल्या महिन्याची पंधरावी तिथि सांगितली; आणि सांगून झाल्यावर तिलाच वाटलें कीं, इतकें लांबचें बोलावयास नको होतें. पण माघार घेणें तिच्या स्वभावांत नव्हतें. पाऊस आला तेव्हां तिनें देवीची प्रार्थना केली. सुटींवर घरीं गेली तेथूनहि रोज माणूस पाठवून डोंगराची प्रकृति विचारीत राहिली. चवदाव्या तिथीच्या संध्याकाळपर्यंत तो थोडाथोडका शिल्लक होता. दुसऱ्या दिवशीं पहांटे तेंच बर्फ डब्यांत भरून, त्यासोबत कविता लिहून राणीकडे पाठवावी, या बेतानें तिनें माणूस धाडला, तर तो रिकामा डबा घेऊन परत आला. पुढें कळलें कीं, राणीनेंच आदल्या रात्रीं माणसें पाठवून उरलेलें बर्फ फेंकून दिलें होतें. सम्राट आणि राणी हंसत होतीं, आणि सेई रडकुंडीस आली होती.

ही हकीकत वाचतांना एक गोष्ट वाचकाच्या ध्यानांतून सहज निसटते, आणि ती निसटावी अशीच लेखिकेची इच्छा दिसते. हा डोंगर राणीच्या मूळच्या महालासमोर नव्हता. तो तिच्या कारभारासाठीं नेमलेल्या एका कचेरीच्या अंगणांत होता, आणि राणी तेथें राहत होती, कारण तिचे दिवस फिरले होते.

इ. स. ९९५ मध्यें तेइशीचा बाप मिचिताका मरण पावला. त्याच्या मागून सत्ता कोरेचिकाकडे न जातां मिचिनागा, म्हणजे राणीचा चुलता, याच्या हातीं गेली. पुढल्याच वर्षीं, ९९६ मध्यें, कोरेचिका आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्या माणसांनीं गादी सोडलेल्या एका सम्राटावर बाण सोडल्याचें प्रकरण झालें आणि दोघां भावांना राजधानींतून घालवून दिलें. गरोदर असलेल्या राणीनें आपल्या हातानें केंस कापून संन्यासाचें व्रत घेतलें. त्याच सालीं तिचें घर जळालें आणि आईहि गेली. सम्राटाचें तिच्यावरील प्रेम कमी झालें नाहीं, त्यानें तिला पुन्हां जवळ आणलें. पण दरबाराच्या दृष्टीनें तिचें स्थान डळमळलें तें कायमचें. ९९९ मध्यें बाळंतपणासाठीं तिला एका सामान्य अधिकाऱ्याच्या घरीं जावें लागलें. त्या घराचें दार इतकें अरुंद कीं सेविकांची गाडी आंत जाईना, त्यांना सर्वांदेखत उतरून चालत जावें लागलें. इ. स. १००० मध्यें मिचिनागानें आपली तेरा वर्षांची मुलगी शोशी हीहि पट्टराणी करविली. एका सम्राटाला एकाच वेळीं दोन पट्टराण्या, हें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर तेइशी निवर्तली. तिचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें.

या पडत्या काळांत सोबतिणींच्या मनांतहि किल्मिष शिरलें. सेईची कांहीं ओळख मिचिनागाच्या पक्षांतील मंडळींशीं होती. ती येतांना दिसली कीं बोलत असलेल्या बायका एकदम गप्प बसत. एकाच खोलींत हंसलेल्या माणसांचें असें गप्प बसणें तिला सहन झालें नाहीं आणि ती बरेच दिवस घरीं जाऊन राहिली. तेव्हां राणीकडून एक निरोप आला. कागदाच्या घडींत यामाबुकी नांवाच्या पिवळ्या फुलाची एकच पाकळी होती, आणि कागदावर एका जुन्या कवितेंतले दोनच शब्द होते. न बोलतां केलेली आठवण बोलण्याहून मोठी, असा त्यांचा भाव होता. दुसऱ्या एका वेळीं राणीनें तिला वीस घड्या उत्तम कागद पाठविला. जगाचा वीट आला असतां पांढरा स्वच्छ कागद आणि चांगली कुंचली हातीं आली कीं आणखी थोडे दिवस जगावें असें वाटतें, असें सेई पूर्वीं केव्हां तरी सर्वांसमोर बोलली होती. तें राणीनें लक्षांत ठेविलें होतें. वहीचा पहिला भाग याच सुमारास लिहून झाला असावा. मिनामोतो नो त्सुनेफुसा हा सरदार घरीं भेटावयास आला असतां त्याला बसावयास दिलेल्या चटईवर ती वही चुकून राहिली; तो ती घेऊन गेला आणि तेव्हांपासून वही लोकांत फिरूं लागली, असें तिनें लिहिलें आहे. परंतु लिहिणें तेथें थांबलें नाहीं. राणीच्या मृत्यूनंतरहि ती भर घालीत राहिली.

आणि येथेंच या पुस्तकांतील खरा नवलाचा भाग आहे. राणीच्या बापाचा मृत्यु, भावांची हद्दपारी, नव्या राणीचें आगमन, तेइशीचा अंत, यांपैकीं कशाचेंहि सरळ वर्णन तिनें केलेलें नाहीं. जेथें तेथें राणी हंसत आहे, कोडीं घालीत आहे, कोणाची तरी फिरकी घेत आहे. अरुंद दाराचा प्रसंगहि तिनें घराच्या धन्याची थट्टा करण्यांत संपविला आहे. 'ओकाशी', म्हणजे गमतीचें, मनोवेधक, हा शब्द पुस्तकांत चारशेंहून अधिक वेळां येतो. कोणी यास उथळपणा म्हटलें. शोशीच्या सेवेंतील मुरासाकी शिकिबु, जिनें 'गेंजीची कथा' लिहिली, तिनें आपल्या रोजनिशींत सेईला गर्विष्ठ ठरवून, चिनी अक्षरें मिरविणाऱ्या अशा स्त्रीचा शेवट चांगला कसा व्हावा, असा सूर काढला आहे. मुरासाकी दरबारांत आली तेव्हां तेइशीला जाऊन पांच-सहा वर्षें झालीं होतीं, आणि ती जिंकलेल्या पक्षाच्या महालांत बसून लिहीत होती, हें विसरतां कामा नये. जिंकलेल्यांचा इतिहास लिहावयास दरबारांत लेखक असतात. हरलेल्या राणीचा महाल हा उदास आणि अभागी होता, एवढेंच पुढच्यांना कळलें असतें. तो राजधानींतील सर्वांत आनंदी महाल होता, ही साक्ष एका सेविकेनें लिहून ठेविली, आणि ती याद्यांच्या रूपानें ठेविली. दुःख नाकारण्याचा हा प्रकार नव्हता; सोबतिणींना आणि राणीला त्या जशा हंसत होत्या तशाच पुढल्यांच्या हवालीं करण्याचा तिचा निश्चय होता.

हें ध्यानांत घेऊन तिची एक लहानशी यादी वाचावी. ती गेलेल्या दिवसांची ओढ लावणाऱ्या गोष्टींची आहे. कामोच्या उत्सवांत लावलेलीं आणि आतां वाळून गेलेलीं आओईचीं पानें, भातुकलींतील चीजवस्तु, पुस्तकाच्या पानांत दबून राहिलेला जांभळ्या रंगाच्या कापडाचा तुकडा, पावसाच्या कंटाळवाण्या दिवशीं हातीं लागलेलीं जुनीं पत्रें, गेल्या उन्हाळ्यांतला पंखा, एवढींच काय तीं कलमें. माणसाचें नांव एकहि नाहीं. उत्सवाला बरोबर कोण होतें, कापड कोणाच्या वस्त्राचें, पत्र कोणाचें, हें सांगितलेलें नाहीं. आणि म्हणूनच प्रत्येक कलमापाशीं वाचणाराला आपलें माणूस आठवतें. यादीचें सामर्थ्य येथें दिसतें. गोष्ट लिहिणाराला सुरुवात आणि शेवट सांगावा लागतो. यादी करणाराला वस्तु नुसती पुढें ठेवून गप्प राहतां येतें.

तिच्या हातची वही आज उरलेली नाहीं. नकलांवरून नकला होत गेल्या आणि त्यांत दोन परंपरा पडल्या. एका परंपरेंत याद्या, प्रसंग आणि विचार एकमेकांत मिसळलेले आहेत; दुसरींत कोणी व्यवस्थितपणाच्या आवडीनें सर्व याद्या वेगळ्या काढून एका जागीं लाविल्या आहेत. आज बहुतेक वाचक पहिली परंपराच पसंत करितात, कारण माणसाच्या आठवणी वर्गवारीनें येत नसतात. १६७४ मध्यें कितामुरा किगिन या पंडितानें टीकेसह छापलेली प्रत घरोघर पसरली. इंग्रजींत आर्थर वेली यानें १९२८ मध्यें निवडक भागाचें, आयव्हन मॉरिस यानें १९६७ मध्यें संपूर्ण ग्रंथाचें, आणि मेरेडिथ मॅकिनी हिनें २००६ मध्यें पुन्हां संपूर्ण भाषांतर केलें. जपानांत शाळेंतील मुलें या वहीचा पहिला परिच्छेद पाठ करितात. वसंताची पहांट, उन्हाळ्याची रात्र, शरदाची संध्याकाळ आणि थंडीची सकाळ, अशी तीहि एक चार कलमांची यादीच आहे.

मराठी वाचकाला याद्या अपरिचित नाहींत. समर्थांच्या दासबोधांतील मूर्खलक्षणें आणि पढतमूर्खाचीं लक्षणें घरोघर माहीत आहेत, आणि त्या वाचतांना शेजाऱ्याची आठवण होऊन हंसूं येतें, तसें आपलीहि आठवण होऊन ओशाळें वाटतें. समर्थांच्या यादीचा हेतु माणूस शहाणा व्हावा हा आहे. सेईच्या यादीला असा कांहीं उपदेश करावयाचा नाहीं. आपण कांहींजणी एके काळीं एकत्र होतों, आणि अमुक गोष्ट पाहून आपणां सर्वांना एकदम हंसूं येत असे, एवढेंच तिला सांगावयाचें आहे.

एका ठिकाणीं काम केलेल्या जुन्या मंडळींत जे कोणी अद्याप एकमेकांस भेटतात किंवा पत्र लिहितात, त्यांनीं अशी एखादी जुनी यादी आठवेल तेवढी लिहून पाहावी. सहा कलमें आठवतील, सातवें आठवणार नाहीं. तें दुसऱ्या कोणाला तरी आठवेल, आणि त्यासाठीं त्याला पत्र घालावें लागेल. तो हयात असेतोंवर तें घालून ठेवणें बरें.